नऊ नंबरचा माणूस

"अहो सुखदेव, इकडे या! शांत झाल्या! अगदी गप्प बसल्यात!" सोनाली सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच ओरडली.

कालपर्यंत या पांढऱ्या पेशी नुसत्या चवताळलेल्या होत्या. रोगजंतूंशी लढायचं सोडून आपल्याच माणसाच्या आतड्यावर तुटून पडणाऱ्या. आणि हे माणूस म्हणजे सोनालीची धाकटी बहीण, पूर्वा. दोन वर्षांच्या आजारात पोरीची पार काडी झाली होती. सोमवारी तिचं मोठं आतडं काढायचं ठरलं होतं. या पेशींना आवरणारे जिवाणू कुणा निरोगी पोटात सापडले, तर आधी तेच देऊन बघू, एवढी सवलत डॉक्टरांनी दिली होती. सोनालीने संस्थेच्या शीतपेटीतले निरोगी लोकांच्या शौचाचे जुने नमुने एकेक करून पूर्वाच्या पेशींवर तपासले. सगळे फुकट. आणि आज ही नऊ नंबरची नळी!

नमुने देणाऱ्यांच्या यादीत नऊ नंबरला होते खडकवासल्याचे रंगराव. तिने घाईघाईने फोन लावला.

"काका, तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या प्रयोगशाळेला शौचाचा नमुना दिला होता ना?"

"कुठला ओ ताई! डबी घेतली, पन लाज वाटली. तशीच रिकामी हाय घरात."

सोनालीने फोन ठेवला. मग नळीत काय होतं, रंगरावांचा आशीर्वाद? तिने चिडून ती सुखदेवांच्या नाकापुढे धरली. वीस वर्षं नमुने सांभाळणाऱ्या सुखदेवांनी शांतपणे चष्मा लावला.

"मॅडम, हा नऊ नाही. एक आहे. मराठी एक. पहिल्या दिवशी छापील स्टिकर आले नव्हते, म्हणून मी हाताने लिहिला."

इंग्रजी शाळेचा फायदा, दुसरं काय! सुखदेवांचा १ तिने सरळ 9 वाचला होता.

तिने यादीचं पहिलं पान उघडलं. पहिलंच नाव वाचलं. मटकन खाली बसली, लगेच उठली, हसायला लागली आणि हसता हसताच तिने हडपसरला, घरी फोन लावला.

"पूर्वे, सापडला! दाता सापडला!"

"खरंच? कोण गं? आणि ताई, तू रडतेयस का?"

"अगं वेडे, तूच! तीन वर्षांपूर्वी पहिला नमुना तूच दिला होतास ना, आजारी पडायच्या आधीची तू!"