पुढच्या दाराने

कपातल्या कॉफीवरची वाफ आता दिसेनाशी झाली होती. तेलाचा पातळ तवंग स्थिरावला होता आणि त्यात समोरची खिडकी उमटली होती, लहान आणि जराशी वाकडी. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या बाईची नजर अशा गोष्टींवर जातेच. पण आज मायसून कपाकडे बघत होती, कारण कपापलीकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

पलीकडे तिची सासू बसली होती. हज्जा फिद्दा रोज खालच्या मजल्यावरून मागच्या जिन्याने थेट स्वयंपाकघरात यायची, पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायची, एखादा कांदा घेऊन परत जायची. आज तिने पुढच्या दाराची बेल वाजवली. अंगात ठेवणीतला काळा झगा. आत येऊन ती पाहुण्यांच्या गादीवर बसली, सुनेने दिलेली कॉफी उजव्या हाताने घेतली आणि एक घोटही न घेता समोर ठेवून दिली.

कराक शहरात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पाहुण्याचं काही मागणं आहे. यजमानाने 'कॉफी प्या' म्हटलं, की मागणं मान्य. तोवर कप तसाच.

"हज्जा, हे पुरुषांचं काम," मायसून म्हणाली. "मुलगी मागायला येतात तेव्हाचं."

"पुरुष कशाला आणू? त्यांना धड बोलता तरी येतं का?" हज्जाने गुडघा चोळला. "मला तुझी कादंबरी ऐकायचीय. नोव्हेंबरात लिहिलीस ती. मला वाचता येत नाही, तुला येतं."

जगात कितीतरी लोक त्या महिन्यात कादंबरी लिहायला बसतात. मागे वळून वाचायचं नाही, खोडायचं नाही, महिन्याअखेर संपवायची. मायसूनही बसली होती. प्रयोगशाळेतून आली की ती खोलीचं दार लावून घ्यायची आणि घर हज्जा सांभाळायची. सगळ्यांनी दिवसाआड मसूर-ताकाचं रशूफ खाल्लं. मायसूनचा नवरा नायफ कुरकुरला, तेव्हा आईने त्याच्या पुढ्यातली रोटी उचलून घेतली. आल्यागेल्याला ती सांगायची, सून आंघोळ करतेय. हज्जाची सख्खी बहीण दोन तास वाट पाहून, "एवढी मळली होती का गं?" असं विचारत घरी गेली.

महिन्याभरात कादंबरी लिहिली, असं मायसून कामावर सगळ्यांना सांगायची. महिना कुणी दिला, ते कुणी विचारलं नव्हतं.

"नायफ म्हणाला, त्यात एक म्हातारी आहे," हज्जा म्हणाली. "साखर मोजते म्हणे."

मायसूनची कानशिलं तापली. "आहे."

"मी मोजत नाही. नजर ठेवते."

"हो, हज्जा."

"आणि नाक? नाकाबद्दल काय लिहिलंयस?"

"थोडंसंच आहे."

हज्जाने हळूच आपल्या नाकावरून बोट फिरवलं.

सुरुवातीची ती पानं रागात लिहिली गेली होती. कोणता राग, ते आता आठवतही नव्हतं. मग लिहिता लिहिता म्हातारी बदलत गेली. शेवटच्या पानांवर तीच म्हातारी बंद दाराबाहेर भरपूर साखर घातलेला चहा ठेवते, दार वाजवत नाही, आणि चपला हातात घेऊन जिना उतरते. मैत्रीण म्हणाली होती, सुरुवात दुरुस्त कर, म्हणजे दोन्ही म्हाताऱ्या जुळतील. मायसूनने ती पानं कितीदा काढली आणि कितीदा ठेवून दिली. पहिली नोंद खोडायची नाही, ही तिची कामावरची सवय. पण न खोडता वाचून दाखवायचं, तर जिने तो महिना दिला तिलाच दुखवायचं. हिवाळा सरला तरी तिचं ठरत नव्हतं.

"मधून वाचू का?" ती म्हणाली. "मधून पुढे ती चांगली आहे."

"आज मी तुझ्या घरात कुठून आले?"

"पुढच्या दाराने."

"गुडघा दुखत असताना. अख्ख्या घराला वळसा घालून." हज्जाने झग्याची बाही सारखी केली. "मग मला मागच्या दाराने नेऊ नकोस."

"वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटेल ना. चार दिवस रशूफात मीठ जास्त पडेल, दुसरं काय?" मग तिचा आवाज जरा उतरला. "पोरी, महिनाभर तू आत आणि मी स्वयंपाकघरात. तुझ्या बटणांची टकटक, टकटक ऐकू यायची. लग्नघराबाहेर उभं राहावं तसं वाटायचं. आत आपलीच माणसं, आणि आपल्याला बोलावणं नाही."

मायसून उठून आत गेली आणि कागदांचा गठ्ठा घेऊन आली. यजमानाच्या जागी न बसता ती हज्जाशेजारी गादीवर टेकली. गादी दबली, तशी कपातली खिडकी हलली. हज्जाने कपाला हात लावला नाही. ती समोर बघत राहिली, ताठ, खऱ्या पाहुण्यासारखी.

मायसूनने गठ्ठ्यावरचं सगळ्यात वरचं पान हातात घेतलं.

"कॉफी प्या, हज्जा," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून वाचते. नाकासकट."