डाव्या हाताची सुई

गृहविज्ञानाची शिक्षिका होण्याआधीचा हा तिचा शेवटचा सराव पाठ, विषय शर्टाला बटण लावण्याचा, आणि ती पडली डावखुरी. ‘वर्गात तरी सरळ हाताने शिव गं, मुलं गोंधळतील,’ असं आत्याने बजावल्यामुळे आठवडाभर उजव्याने शिवून तिने बोटांची चाळण करून घेतली होती. पण मागे वही उघडून बसलेले परीक्षक दिसले आणि धांदलीत सुई डाव्याच हातात गेली. लक्षात आलं तेव्हा अर्धं बटण लागलं होतं. आता सगळं बोंबललं, या धसक्याने तिने मान वर केली, तर तीस सुया तिच्याबरोबर खालीवर होत होत्या. ‘बाई, समोर आरसा ठेवल्यासारखं दिसतंय, सोपं जातंय,’ पुढची मुलगी म्हणाली. कोपऱ्यातून आवाज आला, ‘मला नाही जमत, माझाही हात उलटा.’ ‘सरक, तुला शेजारी बसून दाखवते,’ म्हणत नव्या बाई धावल्या.