मिसेस पिकरिंगचा नवरा

“तुमचे पती आता आपल्यात नाहीत,” कॅलम म्हणाला.

“मग कुठे आहेत?” ग्लेनिसने विचारलं.

कॅलम गडबडला. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता, परीक्षा तोंडावर आली होती. “म्हणजे... आम्ही त्यांना गमावलं.”

“कॅन्टीनमध्ये पाहिलंत का? तिथे सापडतील.”

भिंतीला टेकून उभी असलेली बाकीची पोरं हसली. ग्लेनिस हसली नाही. यॉर्कशरमधल्या त्या मेडिकल कॉलेजात ती अकरा वर्षं दर गुरुवारी विधवेचं काम करत होती. होऊ घातलेल्या डॉक्टरांनी वाईट बातमी कशी सांगावी, याची ही तालीम. तरुणपणी तिने हौशी नाटकांत बऱ्याच भूमिका केल्या होत्या. इथे एकच, मिसेस पिकरिंगची. नियम साधा होता. खुर्ची जवळ ओढायची, माणसाचं नाव घ्यायचं आणि ‘मरण’ हाच शब्द वापरायचा. इंग्रजांकडे तो टाळायला शंभर शब्द आहेत, आणि पोरं शंभरही वापरून बघत.

“राजा, तू मरण म्हणत नाहीस तोवर त्यांना घरी कधी सोडणार, हेच मी विचारत बसणार,” ग्लेनिस म्हणाली. “बाहेर जा. पुन्हा ये.”

कॅलम बाहेर गेला. दार लागलं की मिसेस पिकरिंगचा नवरा जिवंत होई. दार उघडलं की बिचाऱ्याचं पुन्हा तेच. त्या दिवशी कॅलम पाच वेळा आत-बाहेर झाला. तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही.

खाली गाडीत ग्लेनिसचा खरा नवरा, क्लिफर्ड, शब्दकोडं सोडवत बसला होता.

“आज कितीदा मेलो?” त्याने विचारलं.

“नऊदा. धड एकदाही नाही.”

“मग भूक लागणारच,” म्हणत त्याने गाडी मासे-चिप्सच्या दुकानाकडे वळवली. अकरा वर्षं तोच विनोद, आणि अकरा वर्षं ग्लेनिस त्याला हसत आली होती.

दोन वर्षांनी मार्चमध्ये क्लिफर्ड बागेत गुलाब छाटता छाटता कोसळला. इस्पितळात ग्लेनिसला एका छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. तो डबा तिथे का ठेवतात, हे तिनेच पोरांना शिकवलं होतं. तिने तो उचलून खुर्चीखाली सरकवला.

दार वाजलं. आत आला तो कॅलम. आता दाढी होती, गळ्यात ओळखपत्र होतं. त्याने तिला ओळखलं, क्षणभर थबकला, मग खुर्ची जवळ ओढून बसला.

“मिसेस ओल्डरॉइड,” तो म्हणाला. आडनाव खरं होतं. पिकरिंग नव्हे, तिचं स्वतःचं. “मला वाईट बातमी सांगायची आहे.” तो थांबला. तिने शिकवलं होतं तेवढाच थांबला. “क्लिफर्डचं हृदय बंद पडलं होतं. आम्ही पाऊण तास प्रयत्न केले. ते मरण पावले.”

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. इतकं चोख आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ग्लेनिसला त्याचा भयंकर राग आला. ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली.

“खुर्ची जरा लांब राहिली,” ती अखेर म्हणाली. “बाहेर जा, राजा. पुन्हा ये.”

कॅलमने खुर्चीकडे पाहिलं. दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर होतं. तो मुकाट उठला, बाहेर गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून तो तिला दिसत होता. हँडलवर हात ठेवून उभा होता, आणि दार उघडायची त्याने काही घाई केली नाही.