मेव्हणीचा शोध

दुकानाच्या फ्लेक्सवर प्रियंकाचा फोटो होता. खाली मोठ्या अक्षरांत: 'आमच्या मेव्हणीचा शोध! मायक्रो-आरएनए थेंब. कॅन्सर मुळासकट बाद!'

राळेगावात एसटीतून उतरली तशी ती थेट दुकानात शिरली. नागपूरच्या प्रयोगशाळेत ती तोंडाच्या कॅन्सरवर काम करत होती. पेशीतले मायक्रो-आरएनए नावाचे इवले रेणू बिघडले की गाठ फोफावते. ते आवरले तर गाठही आवरेल, एवढीच आशा. काम अजून उंदरांच्या पुढे गेलं नव्हतं. आणि इथे तिचे भाऊजी, पंजाबराव, तेच नाव चिकटवून बाटल्या विकत होते.

"बाटलीत काय हाये, भाऊजी?"

"तुळस, पुदिना, थोडी साखर." पंजाबराव हसले. "नाव तेवढं तुहं."

बाकावर हंसाबाई बसली होती. गालावर गाठ, तोंडाला पदर. थेंब सुरू केले तसे तिने दवाखान्यातले किरणांचे शेक घेणं सोडून दिलं होतं.

"लेकी, तुह्या औषधानं गाठ बसन न?" तिने विचारलं.

प्रियंका फ्लेक्स फाडायला वळली, तसं पंजाबरावांनी तिला पडद्यामागे ओढलं.

"काढतो फ्लेक्स. पण नागपूरच्या दवाखान्यात माहा नंबर लावून दे. गुपचूप."

त्यांनी तोंड उघडलं. तंबाखूच्या खर्र्याने लाल झालेल्या दातांमागे, गालाच्या आत, पांढरा चट्टा आणि मधोमध न भरणारी जखम.

"थेंब नाही घेतले?"

"मस्करी कायले करतं वो? मी काय पागल हाओ?"

प्रियंकाने त्यांच्याकडे पाहिलं. ताटात झुरळ निघाल्यावर पाहावं तसं. मग तिने सर्रकन पडदा सारला.

"मावशी, इकडं या. ह्यायचं तोंड पाहा."

पंजाबरावांनी तोंड मिटलं, पण हंसाबाईला दिसायचं ते दिसलं होतं.

"ह्याले तं माह्यावानीच हाये!"

"हो. अन् हे थेंब घेत नाहीत. नागपूरले चालले."

हंसाबाईने हातातली बाटली काउंटरवर ठेवली, हात लुगड्याला पुसला.

"उद्या गाडी आणतो," प्रियंका म्हणाली. "दोघायलेही नेतो. पयला नंबर तुमचा."

"ने," हंसाबाई म्हणाली. "पण याले मांगच्या सीटवर बसव. माह्या बाजूले नोको."