एका चिपवर दोन ‘स्टॉप’

“तुझ्या फंक्शनचं नाव बदल.”

“मी का? माझं आधीचं आहे.”

दूध ढवळणाऱ्या यंत्राच्या चिपसाठी दोघींचा कोड आज प्रथमच एकत्र येत होता. मृण्मयीचं ‘स्टॉप’ नावाचं फंक्शन मोटर थांबवायचं, ऋजुताचं ‘स्टॉप’ भोंगा. एका नावाची दोन फंक्शनं बघून कोड जोडणारा प्रोग्राम, लिंकर, अडून बसला.

डेअरीची ऑर्डर दुपारच्या प्रात्यक्षिकावर ठरणार होती. डिंगणकर साहेबांनी लिंकरलाच हुकूम दिला, पहिलं सापडेल ते घे आणि तक्रार करू नकोस. लिंकरने ऐकलं.

“बघा, मशीन किती समंजस असतं,” साहेब म्हणाले.

डेअरीत वेळ संपल्याचा भोंगा वाजला. चेअरमननी मोटर थांबवायचं बटण दाबलं. भोंगा गप्प झाला. मोटर फिरतच राहिली.

“ओरडणारं तेवढं थांबवलंत होय,” चेअरमन म्हणाले. “उद्या परत या. येताना थांबणारं मशीन आणा.”

परतीच्या गाडीत दोघींनी आपापल्या लॅपटॉपवर, एकमेकींना न सांगता, आपल्या फंक्शनचं नाव बदललं.

ऑफिसात लिंकर पुन्हा अडला. बटण अजून ‘स्टॉप’लाच हाक मारत होतं, आणि त्या नावाचं आता कोणीच उरलं नव्हतं.