टोळीतले तिघे

हैदराबादेत नारायणगुड्याच्या संगणकाच्या दुकानात प्रोसेसर निवडताना मंदार घुटमळत होता. ड्युअल कोअर पुरेल, की नवा क्वाड कोअर घ्यावा? सोबत आलेल्या शिवराजला शंकाच नव्हती. “क्वाडच घे! तुझं मशीन अडकलं, की टोळीतले तिघंही थिजतात. राक्षसापुढं एकटा मीच मरतो, यार!” ऑनलाइन खेळातले ते तिघे म्हणजे मंदारनेच उघडलेली खाती होती; पण हे ठाऊक नसलेला शिवराज त्यांना जिवाभावाचे मित्र मानत होता. “एकदा बोलाव त्यांना, इराणी चहा पाजतो.” दुकानदाराने मंदारला विचारले, “गेम के कित्ते अकाउंट एकसाथ चलाते, मियाँ?” शिवराजच्या निःशंक डोळ्यांकडे पाहताना मंदारला स्वतःचीच शरम वाटली. “चार,” तो पुटपुटला. “ते तिघंही मीच.” शिवराजचे हसू विझले. तो म्हणाला, “माय गेली, तेव्हा त्या तिघांनीच मला सावरलं. तू तर शेजारी बसूनही एक शब्द बोलला नव्हतास.”