दुसरा भोंगा

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनला फौज शहरात शिरली, तेव्हा कमरुन्निसाचा नवरा मजीद घरामागच्या खड्ड्यात लपला. फौज गेल्यावर पाहते तर खड्डा बुजवलेला. उकरायला उस्मानपुऱ्यात कुणी फावडं उचललं नाही. मय्यत नाही म्हणून जनाजाही नाही.

एकाहत्तरच्या लढाईत मात्र विमानांच्या भीतीनं त्याच लोकांनी तिथंच खंदक खणला. हाडाचा तुकडाही निघाला नाही.

संध्याकाळी भोंगा वाजला, सगळे खंदकात पालथे पडले. धोका टळल्याचा दुसरा भोंगा होताच भराभर वर चढले. गुडघे धरून कमरुन्निसा तेवढी मागं राहिली.

"चाची, हात द्या," वरून शेजारचा बद्रीनाथ म्हणाला. "खाली आता कुणीच नाय."

तिनं हात दिला. तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा पदर धरला.

"कमरू," तरणाताठा आवाज कुजबुजला, "फौज गई क्या?"